रत्नागिरी ते महाबलीपुरम: कारने दहा दिवस, गाडी कुठं आणि किती वाजता थांबवायची

पश्चिमेच्या समुद्रात सूर्य बुडताना एक फोटो आणि दहा दिवसांनी पूर्वेच्या समुद्रातून तोच सूर्य वर येताना दुसरा फोटो, एवढ्या एका कल्पनेवर मी ही ट्रिप पहिल्यांदा आखली होती आणि आता तीनदा करून झाली. अंतर साधारण ११०० ते १२०० किलोमीटर, म्हणजे कोणी दोन दिवसांत पण संपवेल, पण आपण गाडी पळवायला नाही तर फोटो काढायला चाललोय म्हणून दहा दिवस. मार्ग असा: रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, हंपी, गंडीकोटा (आंध्रातली नदीची खोल दरी), कांचीपुरम, महाबलीपुरम.

पहिल्या वेळी मी सगळ्यांसारखंच केलं, गावं लिहिली, किलोमीटर लिहिले, हॉटेल बुक केली. बदामीला पोचलो संध्याकाळी पावणेसातला. तळ्याच्या काठावर उभा राहिलो तेव्हा लाल कडे काळे पडले होते, समोर भूतनाथाचं देऊळ नुसतं एका ठिपक्याएवढं दिसत होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. चारशे-पाचशे किलोमीटर लांब येऊन उजेड अर्ध्या तासाने चुकला, ते मला फार लागलं. त्यानंतर मी कागदावर आधी उजेड लिहितो आणि मग गाव.

निघायच्या आधी घरी बसून करायचं काम

महिना जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, तो तोपर्यंत संपलेला असतो, हंपीत दगड अजून तापलेले नसतात आणि गंडीकोट्याच्या दरीत पाणी असतं. मे महिन्यात हा प्रवास करू नका, खरंच सांगतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे आपण पूर्वेकडं सरकतो तसं सूर्याचं टायमिंग बदलतं. रत्नागिरी साधारण ७३.३ रेखांशावर आहे आणि महाबलीपुरम ८०.२ वर, एका अंशाला चार मिनिटं म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस मिनिटांचा फरक आणि घड्याळ मात्र देशभर एकच. २५ जानेवारीच्या आसपास रत्नागिरीला सूर्य ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास उगवतो तर महाबलीपुरमला ६ वाजून ३५ लाच. पहिल्या दिवशीच्या सवयीने शेवटच्या दिवशी उठलात तर शेवटचा फोटो गेलाच समजा. आणि जानेवारीत सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवत नाही, बरोब्बर पश्चिमेला मावळतही नाही, दोन्हीकडं साधारण वीस अंश दक्षिणेला सरकलेला असतो. कुठं उभं राहायचं ते यावरून ठरतं, म्हणून फोनमध्ये सूर्याची दिशा दाखवणारं एखादं ॲप घ्या, आणि प्रत्येक ठिकाण गूगल मॅप्सवर सेव्ह करून त्याच्या नोटमध्ये फक्त "सकाळ" किंवा "संध्याकाळ" एवढं लिहा. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, गंडीकोट्याकडं रेंज जाते येते.

गाडी कधी चालवायची याचं उत्तर पण यातच आहे. आपण सतत पूर्वेला चाललोय त्यामुळं सकाळी सात ते नऊ सूर्य सरळ डोळ्यात येतो, काचेवरची धूळ चमकते, समोरचं धड दिसत नाही. तो वेळ फोटोचा, ड्रायव्हिंगचा नाहीच. नऊ-साडेनऊला निघा, तीन-साडेतीनपर्यंत मुक्कामाला पोचा, दुपारचा कडक उजेड रस्त्यात घालवा. दुपारनंतर सूर्य पाठीमागं येतो तेव्हा समोरचे डोंगर, शेतं उजळलेली दिसतात, रस्त्यावरून काढायचे फोटो तेव्हाच चांगले येतात. आणि दिवसाला दोनच ठिकाणं, एक सकाळचं आणि एक संध्याकाळचं. तिसरं घुसवलंत की तिन्ही बिघडतात.

सामान कमी घ्या. एक बॉडी, एक साधी झूम (१८-५५ किंवा २४-१०५), एक ७०-३०० (लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स), पोलरायझर फिल्टर (चमक कापणारी काच), दोन-तीन कार्डं, ट्रायपॉड. नुसता चांगला फोन असेल तरी ही ट्रिप होते, दिशा आणि वेळ तीच. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळं तो फक्त उघड्यावरच्या जागांसाठी. स्मारकांत मी बीनबॅग वापरतो, घरीच शिवलेली. जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय कापायचा, एक तोंड शिवायचं, आत दीड किलो मूग भरायचे आणि दुसरं तोंड दुहेरी टाक्याने बंद. दगडी कठड्यावर, गाडीच्या खिडकीच्या काचेवर, पायरीवर कुठंही ठेवा, वर लेन्स दाबून बसवा, मूग सरकतात आणि लेन्सच्या आकाराचा खळगा होतो, अर्ध्या सेकंदाचा शटर आरामात मिळतो. ड्रोन घरीच ठेवा, संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि या मार्गावरची बहुतेक ठिकाणं तीच आहेत.

रस्त्यात थांबायचं कसं

छान दिसलं की करकचून ब्रेक मारणं सोडा. आधी पुढं जा, पूर्ण रस्ता सोडून गाडी उभी राहील अशी जागा बघा, धाब्याचं अंगण, पंपाच्या पुढची मोकळी जागा, शेताकडं जाणारी वाट, तिथं गाडी लावून चालत मागं या. पाचशे मीटर चालायचा कंटाळा येत असेल तर तो फोटो एवढा महत्त्वाचा नव्हताच. घाटात वळणावर कधीच नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही, म्हणून सोबतच्या माणसाला एकच काम द्या, रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं.

दिवस १ आणि २: आरे-वारे, आंबा घाट, कोल्हापूर

रत्नागिरी ते गणपतीपुळे किनाऱ्याच्या रस्त्यावर आरे-वारेचं वळण आहे, टेकडीवरून दोन्ही किनारे आणि मधला रस्ता एका फ्रेममध्ये येतो. सूर्यास्त साडेसहाच्या आसपास, पाच वाजता पोचा. आधी रस्त्याची वळणं तिरप्या उजेडात, मग सूर्य, आणि सूर्य बुडाल्यावर अजून वीस मिनिटं थांबा, लोक निघून जातात आणि खरा रंग तेव्हा येतो. हा फोटो नीट काढा, शेवटच्या दिवशीच्या फोटोची ही जोडी आहे. क्षितिज फ्रेममध्ये कुठं ठेवलं ते लक्षात ठेवा, महाबलीपुरमला तिथंच ठेवायचंय.

आंबा घाट चढताना सूर्य समोरून येतो, घाटाचा कडा काळा दिसतो, चढताना काही मिळत नाही. वर पोचा आणि मागं कोकणाकडं वळून बघा, एकामागं एक डोंगररांगा, प्रत्येक रांग पुढचीपेक्षा फिकी. इथं मोठी लेन्स लावा, दोनशेच्या पुढं, वाइड लेन्समध्ये हे सगळं पसरून बारीक होतं. कोल्हापुरात पोचून मिसळ खा, संध्याकाळी पन्हाळा किंवा रंकाळा, दोन्हीतलं एकच.

दिवस ३ आणि ४: बदामी, पट्टदकल, ऐहोळे

कोल्हापूर ते बदामी साधारण अडीचशे किलोमीटर, बेळगाववरून. गोकाकचा धबधबा वाटेजवळ आहे पण जानेवारीत त्यात फारसं पाणी नसतं, तो पावसाळ्यात वेगळा करा.

बदामीला तीनच्या आत पोचा. आधी लेण्या. त्या दक्षिणेकडच्या टेकडीत आहेत आणि तोंड उत्तरेला, त्यामुळं थेट ऊन आत येत नाही, समोरच्या लाल दगडावरून परत आलेला मऊ उजेड मिळतो आणि मूर्तींवर कडक सावल्या पडत नाहीत. तिसरी लेणी सगळ्यात मोठी, तिथल्या शिलालेखाचं साल इ.स. ५७८. पहिल्या लेणीतला अठरा हातांचा नटराज अगदी समोरून काढू नका, थोडं डावीकडं सरकून काढा म्हणजे हात एकमेकांपासून सुटे दिसतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा दगडाचा लाल रंग धुऊन टाकतो, डेलाइटवर टाका. माकडं खूप आहेत, हातात प्लास्टिकची पिशवी अजिबात नको.

पाच वाजता खाली उतरून अगस्त्य तळ्याच्या काठाने पूर्वेच्या टोकाला भूतनाथाकडं चालत जा. देवळाचं तोंड तळ्याकडं म्हणजे पश्चिमेला, मावळतीचं ऊन सरळ त्याच्यावर पडतं आणि मागचा कडा पेटल्यासारखा होतो. वारा पडला असेल तर पाण्यात पूर्ण प्रतिबिंब. मी कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर धरतो, बीनबॅग शेवटच्या कोरड्या पायरीवर ठेवून, स्क्रीन वर वळवून. जितकं खाली जाल तितकं प्रतिबिंब मोठं येतं. काठावर बायका धुणं धूत असतात, धोपटण्याचा आवाज कड्यावर आपटून परत येतो. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कन्नडमध्ये "फोटो तेगीबहुदा?" एवढं विचारलं तरी समोरचा माणूस हसतो. पुढं आंध्रात "फोटो तीयोच्चा?" आणि तमिळनाडूत "फोटो एडुक्कलामा?" ही तीन वाक्यं पाठ करा, कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकल, बदामीहून २२ किलोमीटर. विरूपाक्ष मंदिर पूर्वेला तोंड करून आहे म्हणून सकाळच. हे देऊळ राणी लोकमहादेवीने बांधलं, तिचा नवरा, बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य, कांचीच्या पल्लवांना हरवून आला त्याची आठवण म्हणून. इथं एकाच आवारात उत्तरेकडची वळणदार शिखरं आणि दक्षिणेकडची पायऱ्यापायऱ्यांची शिखरं शेजारीशेजारी उभी आहेत, दोन्ही एका फ्रेममध्ये घ्या, ७० ते १०० मिलिमीटरला ती जवळ येतात. वेरूळचं कैलास बघितलेलं असेल तर विरूपाक्षासमोर उभं राहिल्यावर ओळखीचं काहीतरी जाणवेल, कारण कैलासावर याची छाप आहे आणि याच्यावर कांचीच्या कैलासनाथाची. आपण त्या कांचीला चाललोच आहोत.

दुपारनंतर ऐहोळे. दुर्ग मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे, हत्तीच्या पाठीसारखी, तिला गजपृष्ठ म्हणतात. ही मागची बाजू नक्की काढा, का ते शेवटी सांगतो. टेकडीवरच्या मेगुती मंदिरात कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४ चा शिलालेख आहे, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचा, त्यात तीन महाराष्ट्रकं आणि त्यातली नव्व्याण्णव हजार गावं असा उल्लेख येतो. मराठी माणसाने तिथवर चढून जावंच. मी त्या अक्षरांवर हात न लावता नुसतं बोट फिरवत उभा होतो बराच वेळ. उजेड बाजूने घासून येत असेल तेव्हाच अक्षरं फोटोत उठतात, समोरून फ्लॅश मारला तर भिंत सपाट दिसते.

दिवस ५ आणि ६: हंपी

हुनगुंद, इरकल, कुष्टगी करत होसपेट. इरकल म्हणजे आपल्या आज्यांच्या इरकली लुगड्याचं गाव. पुढं काळ्या मातीच्या रानात कुठं कुठं लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात, गाडी लांब लावा कारण जवळ गेलं की ठसका लागतो, आधी परवानगी मागा आणि मग मोठ्या लेन्सने काढा, काळ्यावर लाल असा नुसता रंगांचा फोटो येतो, आकाश घ्यायचंच नाही.

हंपीत दोन मुक्काम हवेत, कमी करायचं असेल तर कोल्हापूर कमी करा. सूर्योदयाला मातंग टेकडी. पाऊण तास आधी पायथ्याला, टॉर्च घेऊन, एकट्याने नाही, पायऱ्या कुठं कुठं तुटक्या आहेत. वरून अच्युतराय मंदिराचं पूर्ण आवार खाली दिसतं. सगळे लोक सूर्याकडं कॅमेरा करून बसतात, तुम्ही सूर्य वर आल्यावर खाली आणि बाजूला बघा, पहिलं ऊन दगडांच्या माथ्यावर पडतं आणि मधल्या केळीच्या बागा अजून सावलीत असतात. तो खेळ जेमतेम दहा मिनिटं टिकतो.

संध्याकाळी हेमकूट टेकडी, चढ सोपा, म्हाताऱ्या माणसांनाही जमतो. विठ्ठल मंदिराचा दगडी रथ, पन्नासच्या नव्या नोटेवर जो आहे तो, पहाटे काढता येत नाही कारण मंदिर सकाळी उशिरा उघडतं, त्यामुळं उघडताना पहिल्यांदा आत जा. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने इथं आणला आणि भानुदासांनी परत नेला अशी आपल्याकडची परंपरा आहे, आणि गाभारा आज रिकामा आहे. मी तिथं आधी कॅमेरा खाली ठेवून हात जोडले, फोटो नंतर.

पण हंपीत फोटो काढणाऱ्याने जी गोष्ट चुकवूच नये ती विरूपाक्ष मंदिराच्या आत आहे. मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर समोरच्या मोठ्या गोपुराची प्रतिमा पडते, उलटी, कळस खाली आणि पाया वर. भिंतीतल्या छोट्या फटीतून उजेड सरळ रेषेत येतो, वरचा खाली जातो आणि खालचा वर, बास, कॅमेऱ्याचं तत्त्व तेच. आपण खिशात घेऊन फिरतो ती गोष्ट इथं दगडी खोलीत काचेशिवाय चाललीये. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं द्या, कॅमेरा भिंतीला टेकवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००, फ्लॅश पूर्ण बंद. फ्लॅश मारला तर प्रतिमा पुसली जाते, दुसऱ्यांचीही. सोबत मुलं असतील तर त्यांना आधी काही सांगू नका, नुसतं उभं करा.

दिवस ७: गंडीकोटा

बळ्ळारी, गुंतकल, गुत्ती, ताडपत्री, जम्मलमडुगु, साधारण अडीचशे किलोमीटर. गुत्तीचा किल्ला वाटेत डोंगरावर दिसतो, मुरारराव घोरपड्यांचं ठाणं. चढायला वेळ नसेल तर किमान थांबून लांबून एक फोटो घ्या, इतक्या लांब मराठ्यांचं ठाणं होतं हे तिथं उभं राहिल्यावर जास्त कळतं.

गंडीकोट्याला चारला पोचा. पेन्ना नदीने एर्रमल डोंगर कापून ही दरी केलीये, तांबड्या दगडाचे थर एकावर एक रचून ठेवल्यासारखे. संध्याकाळी फक्त जागा हेरायची, कुठल्या दगडावर बसायचं, वाट कशी आहे, दगडाला मोबाइलने फोटो काढून खूण ठेवायची. मुक्काम गावातच करा, पर्यटन खात्याचं हॉटेल आहे, तंबू पण मिळतात. जम्मलमडुगुला राहिलात तर पहाटे अंधारात १५ किलोमीटर यावं लागतं आणि उशीर होतोच.

पहाटे सूर्योदयाच्या पन्नास मिनिटं आधी कड्यावर. इथं कठडा नाही. वारा जोराचा असतो. ट्रायपॉड कड्यापासून दोन मीटर आत, पाय पसरून, मधल्या हुकाला बॅग अडकवा आणि स्वतः बसून काम करा. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत मागं किंवा पुढं सरकायचं नाही, सरकायचं असेल तर डोळा काढा, पायाखाली बघा, मग सरका. सेल्फीसाठी टोकाच्या दगडावर कोणी चढत असेल तर ओळख नसली तरी हाक मारून उतरवा.

आकाश उजळतं तेव्हा दरी काळीच असते, एका फोटोत दोन्ही येत नाही. म्हणून तीन फोटो, एक नॉर्मल, एक दोन स्टॉप कमी (उजेड एक चतुर्थांश), एक दोन स्टॉप जास्त (उजेड चौपट), आयएसओ १००, एफ ११, आणि घरी जोडायचे. फोनमध्ये एचडीआर ते स्वतः करतो. सूर्य वर आल्यावर ऊन दरीच्या भिंतीवरून हळूहळू खाली उतरतं, एकेक थर पेटत जातो, पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोपर्यंत उठू नका. नऊपर्यंत किल्ल्यातली जामा मशीद, धान्याचं कोठार आणि माधवराय मंदिराचं गोपुर बघून निघा.

दिवस ८ आणि ९: कांचीच्या वाटेवर

हा सगळ्यात लांब टप्पा, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, कडप्पा, राजमपेट, रेणिगुंटा, पुत्तूर, तिरुत्तणी. कडप्प्याच्या पुढं २५ किलोमीटरवर ओंटिमिट्टाचं कोदंडराम मंदिर रस्त्यालगतच आहे, तिथं पाय मोकळे करा. इकडची देवळं दुपारी बंद असतात, साधारण बारा ते चार, तो हिशोब ठेवा.

कांचीचं कैलासनाथ नवव्या दिवशी सकाळी. वालुकाश्माचं देऊळ, खांबाखांबाला मागच्या पायांवर उभे सिंह, बांधणारा पल्लव राजा राजसिंह. भिंतीच्या आतल्या बाजूने छोट्या देवळ्यांची रांग आहे, कोपऱ्यात उभं राहून ती पूर्ण रांग घ्या. इथल्याच एका खांबावर दुसऱ्या विक्रमादित्याचा कन्नड शिलालेख आहे, पट्टदकलवाला तोच विक्रमादित्य. त्याच्या आधी शंभर वर्षं, इ.स. ६४२ मध्ये, पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी जिंकून घेतली होती. आणि विक्रमादित्याने कांची जिंकली तेव्हा त्याने देवळाला हात लावला नाही, संपत्ती परत दिली आणि तसं कोरून ठेवलं. बदामीपासून गाडी चालवत आल्यावर तो खांब बघताना अंगावर काटा आला माझ्या.

दिवस १०: महाबलीपुरम

कांचीहून पासष्ट-सत्तर किलोमीटर, संध्याकाळी पोचून लवकर झोपा. एसी रूममधून कॅमेरा थेट समुद्रावर नेला तर काचेवर वाफ धरते आणि पुसून जात नाही, म्हणून रात्री बॅग बाथरूममध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवा.

किनारी मंदिर सहाला उघडतं, सूर्य ६.३५ ला, म्हणजे हातात अर्धा तास. सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला येणार म्हणून तुम्ही देवळाच्या वायव्येला हिरवळीवर उभं राहा, दोन्ही शिखरं काळी, मधल्या फटीतून सूर्य, आणि खाली आवाराच्या भिंतीवरच्या नंदींची रांग. उजेड आकाशावर मोजा, देवळावर नाही. क्षितिज आरे-वारेच्या फोटोत होतं तिथंच ठेवा.

सूर्य हातभर वर आला की अर्जुनाच्या तपश्चर्येच्या मोठ्या शिल्पाकडं जा, त्याचं तोंड पूर्वेला आहे आणि सकाळचं ऊन सगळ्या आकृत्या उठवतं. हत्तींच्या जवळ खाली एक मांजर हात वर करून तप करतंय आणि आजूबाजूला उंदीर, तेवढंच एक मोठ्या लेन्सने काढा.

आणि शेवटी पंचरथ, म्हणजे दगडात कोरलेली पाच देवळं. नकुल-सहदेवाच्या रथाची मागची बाजू बघा, अर्धगोल, गजपृष्ठ, ऐहोळ्याच्या दुर्ग मंदिरासारखी, आणि करणाऱ्याने शेजारी एका दगडातला खराखुरा हत्ती पण उभा केलाय. हत्तीच्या मागं जा, गुडघ्यावर बसा, हत्तीची पाठ आणि रथाची पाठ एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडं सरका. जमलं की ऐहोळ्यात काढलेला तो मागच्या बाजूचा फोटो कॅमेऱ्यात उघडून शेजारी धरून बघा. मग हॉटेलवर जाऊन ओल्या फडक्याने ट्रायपॉडचे पाय आणि कॅमेऱ्याची बॉडी पुसून घ्या, खारं पाणी दोन दिवसांत स्क्रू धरतं.